बुकिंग आपलं, गाडी दुसऱ्याची : टॅक्सी मॅजिक ते कर्ब, एका कंपनीचा प्रवास



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण टॅक्सी मॅजिक या अमेरिकन कंपनीची गोष्ट थोडक्यात बघितली. व्हिडिओत वेळ कमी असतो, बऱ्याच गोष्टी घाईत निघून जातात. म्हणून हा लेख. सावकाश वाचा आणि वही-पेन जवळ ठेवा. शेवटी एक गृहपाठ आहे, आणि तो तुम्हाला तुमच्या स्वतःच्या धंद्यावर करायचा आहे.

मोबाईलवरून टॅक्सी बोलवायची म्हटलं की आपल्या तोंडी ओला किंवा उबर येतं. पण उबरची सेवा सॅन फ्रान्सिस्कोत सुरू होण्याच्या साधारण दीड वर्ष आधीच अमेरिकेत आयफोनवर एक ॲप आलेलं होतं. फोनवरून टॅक्सी बोलवा आणि पैसेही फोनमधूनच द्या, अशी त्याची सोय होती. आज उबर सगळ्या जगाला माहीत आहे आणि टॅक्सी मॅजिक हे नाव फार थोड्यांना आठवतं.

मग दोन प्रश्न पडतात. पहिली येऊनही ही कंपनी मागे का पडली? आणि मागे पडूनही ती आजपर्यंत टिकली कशी? दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आपण दोन्हींची उत्तरं शोधू.

1. सुरुवात कुठून झाली?

2007 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, वॉशिंग्टनला लागून असलेल्या अलेक्झांड्रिया शहरात, राइडचार्ज नावाची कंपनी सुरू झाली. टॉम डिपास्क्वाली आणि सँडर्स पार्टी हे तिच्या संस्थापकांपैकी. डिपास्क्वाली या क्षेत्रात नवखे नव्हते. त्यांची आधीची कंपनी आउटटास्क ही ऑफिसच्या कामासाठी होणाऱ्या प्रवासाचं बुकिंग हाताळायची. 2006 मध्ये ती कॉनकर या कंपनीने विकत घेतली. कंपन्यांचा प्रवासखर्च, बिलं, पावत्या यांचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवणारी हीच ती कॉनकर.

म्हणजे या माणसांना आपला ग्राहक नीट माहीत होता. कंपनीच्या कामासाठी गावोगाव फिरणारा नोकरदार. त्याचं विमान आणि हॉटेल दोन्ही कार्डावर व्हायचं. टॅक्सीचं भाडं मात्र रोखीत द्यायचं, चालकाकडून कागदाची चिठ्ठी घ्यायची, ती सांभाळायची आणि ऑफिसला परत आल्यावर खर्चाच्या फॉर्मवर लिहायची. हा त्रास छोटा होता, पण रोजचा होता.

राइडचार्ज या नावातच 'चार्ज' आहे. प्रवासाचे पैसे कार्डावर घ्यायचे आणि पावती आपोआप पाठवायची, हा त्या कल्पनेचा गाभा. धंद्याची चांगली कल्पना अशीच असते बरं का! ओळखीचा ग्राहक, त्याचा रोजचा त्रास आणि त्यावर सोपा उपाय.

2. ॲप आलं

जुलै 2008 मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस राइडचार्जने टॅक्सी मॅजिक हे ॲप आणलं. आता त्याचं काम कसं चालायचं ते समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथेच दडलेली आहे.

अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत टॅक्सी कंपन्या असतात. त्यांच्याकडे परवाने, गाड्या आणि एक कंट्रोल रूम. प्रवासी फोन करतो, कंट्रोल रूममधला माणूस किंवा संगणक जवळच्या चालकाला निरोप देतो. टॅक्सी मॅजिकने आपलं ॲप या कंट्रोल रूमच्या संगणकाला जोडलं. प्रवाशाने बटण दाबलं की ऑर्डर टॅक्सी मॅजिककडे, तिथून टॅक्सी कंपनीच्या कंट्रोल रूमकडे, आणि तिथून चालकाकडे.

नवीन उद्योजकाच्या नजरेने बघा. गाड्या घ्यायच्या नाहीत. चालक नेमायचे नाहीत. परवान्याची भानगड नाही, कारण तो टॅक्सी कंपनीकडे आधीच आहे. एका कंपनीशी करार केला की तिच्या शेकडो गाड्या एका झटक्यात आपल्या ॲपवर. कमी भांडवलात नवीन शहर! तुम्ही-आम्ही त्या जागी असतो तर आपणही बहुधा हेच केलं असतं.

3. गाडं अडलं कुठे?

अमेरिकेत बऱ्याच शहरांत टॅक्सीचालक पगारी नोकर नसतो. तो गाडी शिफ्टवर घेतो. दिवसाचे किंवा आठवड्याचे ठरलेले पैसे मालकाला द्यायचे आणि वर जे उरेल ते आपलं. मुंबईत शिफ्टवर टॅक्सी किंवा रिक्षा चालवणाऱ्यांना ही पद्धत वेगळी समजावून सांगायला नको.

आता बुकिंग चुकलं तर कोणाचं किती नुकसान होतं, ते मांडून बघू.

* टॅक्सी कंपनी: तिला शिफ्टचे पैसे मिळालेलेच आहेत. एक प्रवासी ताटकळत राहिला तर तिच्या गल्ल्यात फरक पडत नाही.
* चालक: बुकिंगचा प्रवासी दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. तिथे पोहोचेपर्यंत तो दुसरीच टॅक्सी पकडून निघून गेला तर पेट्रोल फुकट. आणि वाटेतच कुणी हात केला तर? समोरचं भाडं पक्कं, लांबचं बेभरवशाचं. चालक समोरचं भाडं घेतो, आणि त्याच्या जागी राहून बघितलं तर तो चुकत नाही.
* प्रवासी: त्याने फोनवर 'टॅक्सी येत आहे' असं वाचलंय. तो सामान घेऊन फुटपाथवर उभा आहे.
* टॅक्सी मॅजिक: प्रवासी शिव्या कोणाला घालणार? ज्याचं नाव फोनवर दिसतंय त्याला.

बघितलंत? शब्द टॅक्सी मॅजिकने दिला. पाळायचा चालकाने. चालकाला कामाला लावायचं टॅक्सी कंपनीने. आणि शब्द मोडला तर या दोघांचंही काहीच जात नव्हतं. टॅक्सी मॅजिककडे चालकाचा नंबर नाही, त्याची कमाई आपल्या हातात नाही, त्याला बक्षीस द्यायची सोय नाही आणि जाब विचारायचीही नाही. मधली कंट्रोल रूम ही एक भिंतच होती.

इथे ॲप बिघडलेलं नव्हतं. ॲप चांगलं होतं. अडचण होती ती कामाच्या साखळीत.

4. उबरने वेगळं काय केलं?

2009 मध्ये उबरकॅब नावाने कंपनी स्थापन झाली आणि 2010 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिची सेवा सुरू झाली. सुरुवात काळ्या आलिशान गाड्यांपासून. उबरकडेही स्वतःच्या गाड्या नव्हत्या. हे अधोरेखित करून ठेवा, कारण 'त्यांच्याकडे पैसा होता म्हणून जमलं' असं म्हणून आपण मोकळे होतो.

उबरने मधली भिंत काढली. सुरुवातीला तर तिने चालकाच्या हातात थेट आयफोन दिला. ऑर्डर कंट्रोल रूमकडे न जाता सरळ त्या फोनवर. चालक नकाशावर दिसतो, प्रवासीही दिसतो. भाड्याचे पैसे आधी उबरकडे येतात आणि मग चालकाला मिळतात. प्रवासी चालकाला गुण देतो, चालक प्रवाशाला. त्यामुळे बुकिंग पूर्ण करणं हे चालकाच्याही फायद्याचं झालं.

म्हणजे गाडीची मालकी दोघांकडेही नव्हती. पण काम करणाऱ्या माणसाशी थेट नातं उबरकडे होतं आणि टॅक्सी मॅजिककडे नव्हतं.

गुंतवणूकदारांनाही हा फरक दिसला असणार. बेंचमार्क या नामांकित गुंतवणूक कंपनीचे बिल गर्ली यांना टॅक्सी आणि मोबाईल यांच्या जोडीत मोठी संधी दिसत होती. त्यांनी आधी टॅक्सी मॅजिकमध्येही रस दाखवला होता, पण तो व्यवहार झाला नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये बेंचमार्कच्या पुढाकाराने उबरमध्ये 1.1 कोटी डॉलरची गुंतवणूक झाली. 2012 मध्ये उबरने उबरएक्स ही स्वस्त सेवा काढली, त्याच वर्षी लिफ्टही आली, आणि सामान्य माणूस स्वतःची गाडी घेऊन या धंद्यात उतरला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. उबरचा रस्ता साधासरळ नव्हता. ऑक्टोबर 2010 मध्येच सॅन फ्रान्सिस्को शहर आणि कॅलिफोर्निया राज्य यांच्या यंत्रणांनी तिला सेवा थांबवण्याची नोटीस दिली. त्यानंतर नावातलं 'कॅब' गेलं आणि नुसतं उबर राहिलं. टॅक्सी मॅजिक परवानाधारक टॅक्सींबरोबर काम करत होती. उबर नियमांच्या कडेकडेने आणि काही ठिकाणी नियमांना धडक देत पुढे गेली. आणि पैसा? 2022 या एका वर्षात उबरचा निव्वळ तोटा 9 अब्ज डॉलरच्या वर होता. मुख्य व्यवसायातून पूर्ण वर्षाचा नफा तिला पहिल्यांदा 2023 मध्ये दिसला. तेव्हा 'उबरसारखं करा' हा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. ती लढाई आपल्या खिशाला झेपणारी नाही. आपल्याला फक्त त्यातलं तत्त्व घ्यायचंय.

5. नवीन नाव, नवीन मालक

2014 मध्ये टॅक्सी मॅजिकने नाव बदललं. नवीन नाव कर्ब. कर्ब म्हणजे फुटपाथची कड, जिथे उभं राहून आपण टॅक्सीला हात करतो. त्या वेळी ही सेवा अमेरिकेतल्या सुमारे 60 शहरांत होती. म्हणजे कंपनी झोपलेली नव्हती. पण ताज्या रंगाने जुन्या भिंतीची भेग बुजत नाही. कंट्रोल रूम मधे होती ती होतीच.

2015 मध्ये व्हेरिफोनने कर्ब विकत घेतली. दुकानात कार्ड घासायचं जे मशीन असतं, ते बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी ही एक. आता तुम्ही विचाराल, कार्ड मशीनवाल्यांना टॅक्सीचं ॲप कशाला हवं? इथून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं.

6. टॅक्सीतलं ते कंटाळवाणं मशीन

त्यासाठी आपल्याला न्यूयॉर्कला जावं लागेल, आणि थोडं मागे, 2007 मध्ये. तिथल्या टॅक्सी आयोगाने पिवळ्या टॅक्सींत कार्ड मशीन, जीपीएस आणि प्रवाशासमोर स्क्रीन बसवणं सक्तीचं केलं. चालकांना हे अजिबात आवडलं नाही. आपल्यावर पाळत राहील आणि कार्डाच्या प्रत्येक भाड्यातून शुल्क कापलं जाईल, ही त्यांची तक्रार. सप्टेंबर 2007 मध्ये त्यांच्या संघटनेने दोन दिवसांचा संप केला. तरीही मशीन बसली. ती पुरवणाऱ्यांत व्हेरिफोन होती आणि क्रिएटिव्ह मोबाईल टेक्नॉलॉजीज ही दुसरी कंपनी होती.

हे मशीन काय करतं? भाडं कार्डावर घेतं, टिपचा आकडा निवडायची बटणं दाखवतं, पावती देतं, फेरीची नोंद ठेवतं. त्यात काही झगमगाट नाही. पण प्रत्येक फेरीला ते लागतं. टॅक्सी रस्त्यावरून हात करून थांबवलेली असो की ॲपवरून बोलावलेली, फेरीची नोंद त्याच मशीनवर.

व्हेरिफोनकडे टॅक्सीच्या आतलं मशीन होतं, कर्बकडे प्रवाशाच्या हातातलं ॲप होतं. दोन्ही एकत्र आली. पुढे 2018 मध्ये हा टॅक्सीचा धंदा व्हेरिफोनपासून वेगळा झाला आणि कर्ब मोबिलिटी या नावाने स्वतंत्रपणे चालू लागला.

या काळात कर्बचे ग्राहक म्हणजे टॅक्सीवाले कोणत्या हालात होते, हेही बघायला हवं. न्यूयॉर्कमध्ये पिवळ्या टॅक्सीच्या परवान्याला मेडॅलियन म्हणतात. त्याची किंमत 2014 च्या सुमारास 10 लाख डॉलरच्या वर गेली होती. चालकांनी, त्यांत दक्षिण आशियातून गेलेले पुष्कळ, कर्ज काढून हे परवाने घेतले. 'परवान्याची किंमत कधी उतरत नाही' असा समज होता. काही वर्षांतच ती 2 लाख डॉलरच्या खाली आली. कर्ज मात्र तेवढंच राहिलं. घरं गेली, काहींनी जीव दिला. 2021 च्या शरद ऋतूत चालकांनी उपोषण केलं, तेव्हा शहराने कर्जसवलतीची योजना मान्य केली. 'याची किंमत वाढतच राहणार' असं कुणी सांगून तुम्हाला कर्ज काढायला लावत असेल, तर हे उदाहरण डोळ्यासमोर ठेवा.

7. मार्च 2022 : उबर दारात

आणि मग मार्च 2022 मध्ये बातमी आली. उबरच्या ॲपवर न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सी दिसणार. करार कोणाशी? कर्ब आणि क्रिएटिव्ह मोबाईल टेक्नॉलॉजीज या दोन कंपन्यांशी.

कारण सरळ होतं. कोरोनानंतर उबरला चालक कमी पडत होते, टॅक्सींना प्रवासी हवे होते. हजारो टॅक्सींपर्यंत एकाच वेळी पोहोचायचं तर दार कुठे? त्या टॅक्सींत आधीपासून बसलेल्या मशीनमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये. बुकिंगच्या शर्यतीत ज्या नावाला उबरने मागे टाकलं, त्याच नावाकडे ती भागीदारीसाठी आली.

याला मी कर्बचा विजय म्हणणार नाही. उबर कितीतरी पटींनी मोठी आहे. पण टिकून राहणं ही छोट्या उद्योजकासाठी छोटी गोष्ट नसते.

8. आपल्यासाठी धडे

धडा 1 : दिलेला शब्द कोणाच्या हातात आहे?
समजा, तुम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये एसी दुरुस्तीची बुकिंग घ्यायचं ठरवलं. जाहिरात तुमची, नंबर तुमचा, चार मेकॅनिक बाहेरचे. ग्राहकाला तुम्ही सांगितलं, 'सकाळी अकराला माणूस येईल.' मेकॅनिकला वाटेत दुसरं मोठं काम मिळालं आणि तो आला नाही. गेलं कोणाचं नाव? हीच टॅक्सी मॅजिकची गोष्ट, फक्त टॅक्सीच्या जागी एसी.

धडा 2 : काम करणाऱ्याचा फायदा त्या कामाला जोडा.
नुसतं 'वेळेवर जा रे बाबा' म्हणून भागत नाही. ग्राहकाकडून थोडी रक्कम आगाऊ घ्या, म्हणजे मेकॅनिकला खात्री राहील की फेरी फुकट जाणार नाही. आठवड्यात एकही बुकिंग न चुकवणाऱ्याला पुढच्या आठवड्यात आधी काम द्या. पैसे त्याच दिवशी द्या. याला मोठं भांडवल लागत नाही, शिस्त लागते.

धडा 3 : मधली भिंत जितकी जाड, तितका तुमचा ताबा कमी.
ठेकेदाराच्या माणसाशी तुमचं कधी बोलणंच होत नसेल, तर तो तुमचा माणूस नाही. निदान त्याचं नाव, नंबर आणि अडचण तुम्हाला माहीत असली पाहिजे.

धडा 4 : पहिलं येणं म्हणजे फक्त आधी निघणं.
'गावात असं कुणीच करत नाही' हे ऐकायला छान वाटतं. पण ग्राहक तुम्ही पहिले होतात म्हणून परत येत नाही. काम झालं म्हणून येतो.

धडा 5 : कंटाळवाणं पण रोज लागणारं काम शोधा.
बुकिंगची शर्यत कोणीही जिंको, पैसे घेणारं मशीन लागणारच होतं. तुमच्या धंद्यात असं काय आहे? पावती, हिशोब, पॅकिंग, वेळेवर फोन करून आठवण देणं? तिथे पाय रोवलेत तर मोठा खेळाडू आला तरी तो तुम्हाला सहज ढकलू शकत नाही.

गृहपाठ

वहीच्या पानावर तीन रकाने आखा.

1. पहिल्या रकान्यात तुम्ही ग्राहकाला देत असलेले पाच शब्द लिहा. 'संध्याकाळी सातपर्यंत डबा', 'दोन दिवसांत ब्लाउज', असे अगदी साधे.
2. दुसऱ्या रकान्यात, तो शब्द प्रत्यक्ष पाळणारा माणूस कोण ते लिहा. तुम्ही स्वतः, कामगार, रिक्षावाला, कुरिअर, पुरवठादार.
3. तिसऱ्या रकान्यात, शब्द मोडला तर त्या माणसाचं काय जातं ते लिहा.

तिसऱ्या रकान्यात जिथे 'काहीच नाही' असं आलं, तिथे लाल पेनाने गोल करा. तुमच्या धंद्यातली टॅक्सी मॅजिक तिथे बसलेली आहे. सगळे गोल एका दिवसात पुसायला जाऊ नका. या महिन्यात एकच निवडा आणि त्या माणसासोबत बसून चहा घेत विचारा, 'हे काम वेळेवर होण्यासाठी तुला काय मिळायला हवं?' उत्तर बहुतेक वेळा आपल्याला वाटतं त्यापेक्षा स्वस्त असतं.

पुढच्या भागात आगाऊ रक्कम कशी मागायची, किती मागायची आणि ग्राहक नाराज न होता ती कशी मिळवायची, यावर बोलू. तोपर्यंत पान भरून ठेवा.

भेटूया!